रिफिल पॉडमधून कॉफी थेंब थेंब येत होती, ते असं सुटलं

नाशिकला कॉलेज रोडला राहतो, घरी कॅप्सूलवालं कॉफी मशीन आहे. स्टीलचा रिफिल पॉड (आपली पावडर भरून पुन्हा पुन्हा वापरायची कॅप्सूल) घेतला तर मशीन नुसतं घरघरायचं, कॉफी थेंब थेंब आणि अर्धं पाणी बाजूने खालच्या ट्रेमध्ये. डिस्केलिंग केलं (म्हणजे मशीनमध्ये साचलेला पाण्याचा क्षार काढला), रबर रिंग बदलली, काही फरक नाही. तीन आठवडे डोकं उठलं होतं.

कारण निघालं पावडर. मी आपली फिल्टर कॉफीची चिकोरीवाली भरत होतो, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) पाण्यात विरघळून चिकट होते, त्यात दळण पिठासारखं, मग जाळी बंदच होणार ना.

आता बिनचिकोरीची कॉफी आणतो, दळण मिठाच्या दाण्यापेक्षा जरासं बारीक. आधी पॉड न घालता एकदा नुसतं गरम पाणी सोडायचं. मग कोरड्या पॉडमध्ये 5 ग्रॅम पावडर, चमच्याच्या पाठीने हलकंच दाबायची, वर थोडी जागा ठेवायची. आणि काठावरचा एकूण एक कण बोटाने पुसायचा, हे राहिलं तर झाकण नीट बसत नाही आणि गळतंच. मग झाकण, पॉड आत, बटण. मला 25-30 सेकंदांत 40 मिली मिळते, वर फेससुद्धा. पाणी भसकन गेलं तर दळण थोडं बारीक करा, अडकलं तर जाड. पॉड लगेच धुवा, जाळी उजेडात धरून बघा, भोकं बुजलेली दिसली तर जुना टूथब्रश फिरवा.