लीप वर्षाचा नियम पाठ करू नका, कागदावर स्वतः तयार करा

बहुतेकांना लीप वर्षाचा नियम अर्धाच माहीत असतो, ४ ने भाग गेला की लीप. मग १९०० ला ४ ने भाग जातो तरी ते लीप नव्हतं आणि २००० मात्र होतं, असं का? एकदा कागद-पेन घेऊन हे गणित करा, परत कधी विसरणार नाही.

आधी हा आकडा लिहा: ३६५.२४२२. एका वसंत संपातापासून (मार्चमध्ये दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात ती वेळ) पुढच्या वसंत संपातापर्यंत साधारण इतके दिवस जातात, म्हणजे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि वर ४५ सेकंद. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं वेगळं आणि सूर्याभोवती फिरणं वेगळं, त्यामुळे वर्ष पूर्ण दिवसांत बसत नाही. (ताऱ्यांकडे बघून मोजलं तर एक फेरी याहून २० मिनिटं जास्त भरते, पण आपल्याला कॅलेंडर ऋतूंशी जुळवायचंय म्हणून हाच आकडा घ्यायचा.)

आता ३६५ बाजूला ठेवा. उरले ०.२४२२, त्याला ४ ने गुणा, आले ०.९६८८. जवळजवळ एक दिवस, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ पासून याच हिशोबावर चाललं. पण हवे होते ०.९६८८ आणि दिला पूर्ण १, म्हणजे दर चार वर्षांना पाऊण तास जास्तीचा. पाऊण तासाने काय होतंय असं वाटतं, पण तेच साचत साचत १६ व्या शतकात २१ मार्चच्या आसपासचा संपात ११ मार्चला यायला लागला होता!

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. १०० वर्षांचा हिशोब करा: ०.२४२२ गुणिले १०० म्हणजे २४.२२ दिवस हवेत, ४ च्या नियमाने पडतात २५. एक जास्त झाला, तो काढा, म्हणून शतकाचं वर्ष लीप नाही. पण आता २४ च राहिले, ०.२२ कमी पडले, चार शतकांत ते ०.८८ होतात, म्हणजे परत जवळपास एक दिवस, तो ४०० ने भाग जाणाऱ्या वर्षाला देऊन टाका. झाला नियम तयार. ४०० वर्षांत हवेत ९६.८८, आपण देतो ९७.

ही कल्पना अलॉयसियस लिलियस या इटालियन डॉक्टरची, पोप तेरावे ग्रेगरी यांनी ती १५८२ मध्ये लागू केली आणि साचलेले १० दिवस काढायला ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. ब्रिटनने हेच १७५२ मध्ये केलं तेव्हा ११ दिवस काढावे लागले, कारण मधल्या १७०० ला जुन्या नियमाने लीप धरलं होतं.

वर्ष तपासायचं तर शेवटचे दोन अंक घ्या, ४ ने भाग गेला की लीप. शेवटी ००  असतील तर ते खोडा आणि उरलेल्याला ४ ने भागा. २००० चे २०, भाग जातो. १९०० चे १९, नाही जात. २१०० चे २१, नाहीच, त्यामुळे २०९६ नंतरची २९ फेब्रुवारी थेट २१०४ ला.