ॲव्हरेज पडलं की पेट्रोलच्या कंपनीला दोष? या चुका टाळा

इंदूरहून बडोद्याला नातेवाइकांकडे जाणाऱ्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गुजरातेतल्या दाहोदला भरलेलं पेट्रोल चांगलं, गाडी दोन-तीन किलोमीटर जास्त देते." गुजरातेत पेट्रोल आपल्या मध्य प्रदेशापेक्षा स्वस्त आहे, तेव्हा तिथे टाकी भरून घ्यावीच. पण ॲव्हरेज वाढलं याचं श्रेय त्या पेट्रोलला देऊ नका. ती टाकी हायवेवर एकसारख्या वेगात जळते. आपली रोजची टाकी इंदूरात राजवाडा, जेल रोड आणि पलासियाच्या सिग्नलवर थांबत-थांबत संपते.

कंपनी बदलून पाहणाऱ्यांची पहिली चूक हीच असते. रस्ता बदलतो, मोसम बदलतो, एसी चालू होतो, आणि निकाल मात्र पंपाच्या पाटीवर लावला जातो.

एका टाकीवर निकाल लावणं

कारमध्ये ३० लिटर भरताना नोझल एक लिटर आधी बंद पडलं, तर हिशेब तीन टक्क्यांहून जास्त चुकतो. स्कूटरला चार लिटरमागे २०० मिली इकडेतिकडे झालं की पाच टक्के गेले. कंपनीमुळे पडतो म्हणून जो फरक सांगितला जातो, तो बहुतेक वेळा एवढ्यातच बसतो.

म्हणून नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरा. मधल्या किलोमीटरना या दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागा. अशा चार-पाच टाक्यांची सरासरी काढा आणि तेवढे दिवस टायरमधली हवा सारखी ठेवा. कटनंतर काठोकाठ भरायची सवय तर सोडाच. कारमध्ये पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो; त्यात द्रव पेट्रोल शिरलं की तो निकामी होऊ शकतो.

पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं, हाही समज सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथलं तापमान सकाळ-दुपारीत फारसं हलत नाही.

कंपनी वेगळी म्हणजे पेट्रोल वेगळं, असं धरून चालणं

इंदूरहून देवासच्या रस्त्याला मांगलियात तेल कंपन्यांचे डेपो आहेत. शहरातल्या पंपांचे टँकर तिथूनच भरून निघतात. भारत पेट्रोलियमची मुंबईहून मनमाडमार्गे दिल्लीजवळच्या बिजवासनला जाणारी पाइपलाइनही मांगलियावरून जाते. सरकारी कंपन्या गरजेनुसार एकमेकींच्या डेपोतून मूळ माल उचलतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषण कमी करण्यासाठीच्या नियमांचं) इंधन लागू आहे आणि त्यात गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे, मग पंपावर पाटी कुणाचीही असो.

खरा फरक पडतो तो ॲडिटिव्हमध्ये, म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर कार्बन साठू न देणाऱ्या रसायनात. हे क्षुल्लक नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या संस्थेने २०१६ मध्ये चाचणी केली, तेव्हा कमी ॲडिटिव्हच्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर बसवला. पण हा परिणाम हजारो किलोमीटरनंतर दिसतो. एक टाकी स्पीड किंवा पॉवर या जादा ॲडिटिव्हच्या महागड्या पेट्रोलची भरली आणि संध्याकाळी गाडी हलकी पळाली, ती मनाची समजूत. शिवाय ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे तो धुतला जात नाही.

ऑक्टेनला ताकद समजणं

ऑक्टेन म्हणजे वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. त्या आकड्याचा ऊर्जेशी संबंध नाही. एक्सपी-१०० हे १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरून साध्या स्कूटरला काहीही मिळत नाही, खर्च तेवढा वाढतो. गाडीच्या पुस्तिकेत ९५ मागितलं असेल तर ९५ भरा; टर्बो इंजिनवाल्यांनी ते पान जरूर वाचावं.

खंडव्याकडे जाताना भेरू घाटात इंजिन खडखडलं, तर आधी गिअर खाली घ्या. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटणं हेच या खडखडाटाचं, म्हणजे नॉकिंगचं, नेहमीचं कारण. तरीही आवाज आला तर स्पार्क प्लग, कूलंट आणि साठलेला कार्बन तपासून घ्या, आणि त्यानंतर ऑक्टेनचा विचार करा.

इथेनॉल विसरणं

गेल्या काही वर्षांत ॲव्हरेज खरोखर घटलं असेल, तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) हे कारण कंपनीपेक्षा कितीतरी मोठं आहे. २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रण गाठलं गेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे आकडे आहेत: जुन्या रचनेच्या, १० टक्के मिश्रणासाठी ट्यून केलेल्या कारला ६-७ टक्के घट, तशाच दुचाकीला ३-४ टक्के, आणि २० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या कारला १-२ टक्के. पंप बदलून ही घट भरून निघणार नाही.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर पाहून कॉम्प्युटर इंधन थोडं वाढवून घेतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटर-मोटरसायकलला ते जमत नाही. मिश्रण पातळ पडतं, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास होतो, गाडी मध्येच झटके खाते. अशा गाडीचं कार्ब्युरेटर चांगल्या मिस्त्रीकडून सेट करून घ्या. पेट्रोलची नळी आणि रबरी वॉशर कडक किंवा फुगलेले दिसले तर लगेच बदला. गळणारी नळी ही आगीची बाब आहे.

पंप न निवडणं

इथे मात्र चोखंदळ व्हा. एकाच कंपनीच्या दोन पंपांमध्ये फरक असतो, कारण जमिनीखालच्या टाकीची देखभाल वेगळी असते. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या बंद पडल्या, कारण डिझेलमध्ये पाणी होतं. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की दुखणं वाढतं. इथेनॉल पाण्याला ओढतं आणि दोघांचा थर तळाशी बसतो, नेमका पेट्रोल उचलण्याच्या जागी. पावसाळ्यात ज्या पंपाच्या आवारात पाणी तुंबतं, तिथे भरू नका. जिथे दिवसभर गर्दी असते, तिथला माल ताजा असतो.

मापाची शंका आली तर नापतौल (वजनमापे) विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि तूट २५ मिलीपेक्षा जास्त चालत नाही. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. शुद्ध पेट्रोलचा थेंब दोन मिनिटांत उडून जातो आणि डाग राहत नाही. पाणी मात्र या कागदावर कळणार नाही.

टाकी भरून दोन-चार किलोमीटरच्या आत गाडी झटके देऊन बंद पडली, तर पाण्याची शंका धरा. पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका, पाणी इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. गाडी ढकलून बाजूला घ्या, बिल जपून ठेवा आणि मिस्त्रीला टाकी रिकामी करताना तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला सांगा. खाली वेगळा थर दिसला तर फोटो घ्या आणि बाटली, बिल घेऊन त्याच दिवशी पंपावर लिहिलेल्या कंपनीच्या नंबरवर तक्रार करा.