पीएचडी झाली, आता अकरावीच्या वर्गात रमायचं कसं?

माझी पीएचडी शिवाजी विद्यापीठातली, विषय कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवरची, सीतेची आसवं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया. पाच पावसाळे मी कातळावर पालथी पडून ही करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुलं मोजली. आज राजापूर तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर मे महिन्यात एमएस्सी, पीएचडी झालेल्यांचे फोन येतात: "मॅडम, सीनियरला जागा निघत नाहीत, ज्युनिअरला जाऊ का? शिकलेलं वाया जाईल का?" त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण घरभाड्याची चिंता डोक्यात असताना वर्गात मन लागत नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जाणार असाल तर रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारा: आठवड्याला किती तासिका, आणि मागच्या वर्षीचं मानधन कोणत्या महिन्यात हातात आलं. दुसरा प्रश्न कार्यालयात नको, तिथे आधीपासून शिकवणाऱ्यांना विचारा. मी विचारला नाही आणि पहिल्या वर्षाचे पैसे आठ महिन्यांनी पाहिले. मनाशी मुदतही ठरवा. मी दोन वर्षांची ठरवली होती. ती संपल्यावर २०१६ मध्ये बीएडला प्रवेश घेतला. ज्युनिअर कॉलेजला बीएड लागतंच, तेव्हा पीएचडी असताना पुन्हा पाठ टाचणं काढायची लाज वाटून घेऊ नका. त्यानंतर शिक्षणसेवकाची, म्हणजे कायम होण्याआधी ठरावीक मानधनावरची, तीन वर्षं. मी २०१९ मध्ये लागले तेव्हा उच्च माध्यमिकला मानधन महिना ९,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते २०,००० झालं. घरच्यांसमोर हा आकडा आधीच मांडा.

आता मनाचं. संशोधन सुटल्याचं दुःख खरं असतं आणि ते लगेच जात नाही. माझी मैत्रीण परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होती. तिचा निबंध छापून आला की मी अभिनंदन कळवायचे आणि संध्याकाळी कोणाशी बोलायचे नाही. फील्डवरच्या माझ्या वह्या दोन वर्षं ट्रंकेत होत्या. या काळात स्वतःला "शिकवणं हेच थोर" असं बजावू नका, त्याने काही होत नाही. मला उपयोग झाला तो एका सवयीचा, आणि ती संशोधनातूनच आलेली आहे: चुकीचं उत्तर आलं की ते टाकायचं नाही, टिपून ठेवायचं.

हे करायचं कसं ते नीट सांगते. प्रकाशसंश्लेषणाचा धडा सुरू करण्याआधी वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: आंब्याची कोय लावली, तीस वर्षांनी टनभर लाकूड झालं, हे वजन आलं कुठून? उत्तर मराठीत लिहू द्या, याबाबत आग्रही राहा. आमच्याकडची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत येतात. 'फोटोसिन्थेसिस'ची व्याख्या ती पाठ म्हणतात. विचार मात्र मराठीत करतात, आणि आपल्याला तो विचार हवा आहे.

चिठ्ठ्या घरी नेऊन ढीग लावा. पहिल्या वर्षी माझ्याकडे ५२ होत्या. माती ३७, पाणी ९, खत ४, सूर्यप्रकाश २. हवा एकही नाही. दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलांनी झाड माती खाऊन वाढतं असं लिहिलं होतं. पहिल्यांदा मी खचले. मग तेच ढीग पाहताना जाणवलं की सड्यावर नमुने वेगळे करताना जे वाटायचं तेच आत्ता वाटतं आहे: इथे काहीतरी आहे, आणि ते शोधून काढायचं आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर सांगून टाकू नका. मी सतराव्या शतकातल्या फान हेल्माँट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. त्याने २०० पौंड वाळलेली माती मोजून कुंडीत घातली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाड १६९ पौंडांवर गेलं, माती जेमतेम दोन औंस घटली. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. इथे थांबून मातीवाल्या ३७ जणांना विचार करू द्या. मग सांगा की फान हेल्माँटने निष्कर्ष काढला तो पाण्याचा, म्हणजे वर्गातल्या नऊ जणांचाच. तोही अपुरा होता. सुक्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो, तो येतो हवेतून, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के. त्या दिवशी वर्ग गप्प झाला. पाठीमागच्या बाकावरच्या, सड्यालगतच्या वाडीतल्या मुलाने विचारलं, "मॅडम, आमच्या सड्यावर तर मातीच नाय. म्हणून गवत वाढता काय?"

तिथून सीतेच्या आसवांवर यायला मला अर्धा मिनिट लागला. कातळावरच्या त्या पातळ, ओल्या थरात नायट्रोजन फार कमी, म्हणून ही वनस्पती जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव ओढून घेते. एका मुलीने लगेच पकडलं: मग ती किडे खाऊन वाढते ना? नाही, अंग हवेतूनच घडतं, किड्यांतून मिळतात ती नायट्रोजन, फॉस्फरससारखी द्रव्यं. पाच वर्षांचा माझा प्रबंध त्या तासाला शेवटच्या सहा मिनिटांत कामाला आला. ट्रंक मी त्या रात्री उघडली.

म्हणून सांगते, आपला प्रबंधाचा विषय वर्गात मुद्दाम आणू नका. मी आधी आणला होता, स्लाइडसकट, आणि मुलं जांभया देत होती. त्यांच्या प्रश्नाने वाट काढली की आणा. त्यासाठी चिठ्ठ्यांची वही ठेवा: तारीख, प्रश्न, किती जणांनी काय लिहिलं. तोच प्रश्न मार्चमध्ये पुन्हा विचारा. मातीवाले कमी होतात, संपत नाहीत. यंदा काय वेगळं करून पाहायचं, हे ती वहीच सांगते.

'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासबद्दल थोडंच. बारावीची निम्मी मुलं क्लासच्या भरवशावर असतात, आपल्या तासाला येत नाहीत. क्लासशी स्पर्धा करू नका. प्रॅक्टिकल मात्र जीव लावून घ्या, कारण ते तिथे नसतं. कांद्याची मुळं सकाळी साडेआठच्या सुमारास कापा, पेशीविभाजन चांगलं दिसतं. दुपारी कापलीत तर मुलं नुसते गुलाबी ठिपके काढून जर्नल भरतील. आठ सूक्ष्मदर्शकांपैकी तीनच चालत असतील तर जूनमध्येच दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पाठपुरावा करा. गुणसूत्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल भिंगापासून डोकं उचलतं तेव्हा त्याचा चेहरा बघा.

निवडणुकीची कामं, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी चुकत नाहीत. मी त्यांना ऑफ तास देते, घरी नेत नाही.

आणि स्वतःचं लहानसं काम चालू ठेवा, मुलांसोबत. २०२१ च्या पावसाळ्यापासून आम्ही सड्यावर सुतळीने आखलेला एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन पाहतो. दर शनिवारी काय फुललं ते लिहायचं: दवबिंदू, गेंद, कवला, तेरडा. गावातली नावं मुलं आजीला विचारून आणतात, शास्त्रीय नावं मी देते. नमुना दाबायचा तर कोकणच्या पावसात वर्तमानपत्र रोज बदला, एक दिवस राहिलं तरी बुरशी येते. चौकोन दोन नकोत, एकच ठेवा. पहिल्या वर्षी मी चार आखले आणि ऑगस्टमध्येच तीन सोडावे लागले.

'मातीच नाय' म्हणणारा तो मुलगा आता आंब्याच्या बागेत काम करतो. दर पावसाळ्यात त्याच्या सड्यावरचं पहिलं निळं फूल दिसलं की फोटो पाठवतो, खाली तारीख. त्या तारखा मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते.