औषध लागू पडत नाही, की आपलंच काही चुकतंय? नैराश्य-चिंतेच्या उपचारांत या चुका टाळा

‘गोळ्या घेऊन पाहिल्या, काही फरक नाही.’ असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, किती दिवस घेतल्या? बरेचदा उत्तर येतं, आठ-दहा दिवस. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची गोम अशी, की मळमळ, अस्वस्थता, उडालेली झोप हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ. म्हणजे त्रास भोगून झाला आणि फायद्याच्या तोंडावर औषध सोडलं, असं होतं.

दुसरी चूक याच्या उलट: बरं वाटलं म्हणून गोळी बंद. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं, आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून जास्त. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्या गोळ्यांच्या बाबतीत हे जास्त. लोकांना वाटतं आजार परतला. फरक साधारण असा, की सोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांतच सुरू होतो, तर आजार सहसा हळूहळू, काही आठवड्यांत डोकं वर काढतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

आता ‘नैसर्गिक’ उपायांचं. सौम्य ते मध्यम नैराश्यात सेंट जॉन्स वर्टचा उपयोग होतो, हे खरं आहे. पण तीच वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी करते, आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. चिंतेवर घेतल्या जाणाऱ्या काव्हा या वनस्पतीमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधा थायरॉइडच्या औषधात ढवळाढवळ करू शकते. घ्यायचंच असेल तर घ्या, पण डॉक्टरांपासून लपवू नका. माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती ही लपवाछपवी. व्यायाम मात्र औषधांसोबत बेलाशक करावा.

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांनी अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, म्हणून तेच खरं औषध वाटू लागतं. काही आठवड्यांतच सवय जडू शकते. रोज घेत असाल तर तेही अचानक सोडू नका, फिट येऊ शकते. दारूबरोबर तर नकोच.

समुपदेशनाच्या दोन भेटींत निकाल लावू नये. विचार आणि वर्तन बदलण्याची थेरपी, म्हणजे सीबीटी, साधारण 12 ते 20 बैठकांची असते आणि घरी दिलेला अभ्यास न करता ती पुढे सरकत नाही.

एवढं करूनही गाडी अडलेलीच असेल, तर थायरॉइड आणि बी-12 तपासलंय का पाहा. मध्येच झोपेशिवाय भरमसाठ उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील तर ते आवर्जून सांगा. आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा, असेल तर औषधच वेगळं लागतं.

आणि मरणाचे विचार येत असतील, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि तातडीच्या विभागात जा.