डबी की ट्यूब? ओल्या, उबदार बर्फासाठी ग्रिप वॅक्स कसं निवडायचं

एप्रिलची दुपार, सोलापूर, बाहेर 43 अंश. माळ्यावरच्या ट्रंकेतून काहीतरी तांबडं, चिकट ओघळून खालच्या चादरींच्या गठ्ठ्यावर उतरलं होतं. आईला वाटलं, गुळाची ढेप पाझरली. मी बोट लावलं आणि ओळखलं. नॉर्वेतून परतताना सामानात राहून गेलेली क्लिस्टरची, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या चिकट वॅक्सची, ट्यूब उन्हाळ्यानं फुगून झाकणातून बाहेर आली होती. चादर धुऊन काही होईना, साबणानं डाग आणखीच पसरला. शेवटी घडी करून फ्रीजरमध्ये घातली. दोन तासांनी ते क्लिस्टर काचेसारखं कडक झालं आणि नखानं टिचकी मारली की तुकडे उडायला लागले. उरलेला डाग व्हाइट स्पिरिटनं, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवानं, गेला. आईचा राग मात्र आषाढापर्यंत टिकला.

बर्फावर चालताना स्की मागं सरकू नये म्हणून तिच्या तळाला लावतात ते ग्रिप वॅक्स. त्याचं सगळं शास्त्र त्या चादरीवर होतं. ऊब मिळाली की हे मऊ पडतं, गारठ्यात कडक होतं. बर्फाला नेमकं किती मऊ वॅक्स लागेल, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

सोलापुरात बसून हे कशाला, असं कुणी विचारेलच. माझा भाचा जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉनहेमला शिकायला गेला आणि तिथे स्कीवर चालायला लागला. मार्चअखेरीस त्याचा फोन आला, ‘मामा, मी पाय मारतोय आणि नुसता मागं सरकतोय. दुकानात डब्या पण आहेत, ट्यूबा पण आहेत. काय घेऊ?’ मी तिथे तीन हिवाळे काढलेत, म्हणून मला विचारलं. शिवाय गुलमर्गला जाणारे आता आपल्याकडेही बरेच आहेत. तिथे 2020 पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, त्यात क्रॉस-कंट्रीही असते, म्हणजे सपाटीवर आणि चढउतारांवर स्कीनं स्वतःच्या जोरावर जायचं. आणि तिथलाही मार्चचा दुपारचा बर्फ ओलाच.

आधी पायाखालची स्की बघा

ग्रिप वॅक्स लागतं ते फक्त क्लासिक पद्धतीच्या (दोन्ही स्की समांतर ठेवून सरळ चालायच्या), गुळगुळीत तळाच्या स्कीला. तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असेल किंवा मधोमध केसाळ पट्टी चिकटवलेली असेल, तर ग्रिप वॅक्स लावायचं नाही. स्केटिंग पद्धतीच्या, म्हणजे पाय बाजूला रेटत जायच्या, स्कीलाही नाही.

क्लासिक स्कीला मध्ये कमान असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना कमान उचललेली राहते आणि स्की पुढच्या-मागच्या टोकांवर घसरते. एका पायावर जोर दिला की कमान दबते आणि मधला भाग बर्फाला टेकतो. वॅक्स लावायचं ते त्या मधल्या भागालाच, बाकी ठिकाणी लागलं तर घसरणं बंद.

तो भाग किती लांब आहे हे घरी काढता येतं. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पायाखालून कागद पुढे-मागे सरकवायला सांगा. जिथे कागद अडतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग सगळं वजन एका पायावर टाका. आता कागद जागच्या जागी दाबला जायला हवा. नाही दाबला गेला तर ती स्की तुमच्या वजनाला ताठ आहे, कितीही वॅक्स लावा, पकड मिळायची नाही. हे शहाबादी फरशीवर करू नका, तिच्यातले उंचवटे फसवतात. टाइल्सवर करा.

बर्फ हातात घ्या

उणे पाच, उणे दहा असेल तर काम सोपं. थर्मामीटर बघायचा, डबीवर छापलेलं तापमान बघायचं, लावायचं. शून्याच्या वर गेलं की हा हिशेब मोडतो. कारण हवा 6 अंशांवर गेली तरी बर्फ शून्याच्या वर जाऊ शकत नाही, तो वितळतो. म्हणजे हवा 2 असो की 8, बर्फाचं तापमान तेच. बदलतं ते त्यातलं पाणी. आणि पाणी किती, हे थर्मामीटर सांगत नाही, मूठ सांगते.

भाच्याला मी फोनवर पार्क चौकातला गोळेवाला आठवायला सांगितला. रंध्यावरून किसून पडतो तेव्हा तो बर्फ भुरभुरीत असतो, मुठीत राहत नाही. क्षणभर थांबून दाबला की काडीभोवती घट्ट बसतो. आणि गप्पांच्या नादात तोच गोळा हातात राहिला की कोपरापर्यंत ओघळ. ओल्या बर्फाच्या तीन पायऱ्या याच. हातमोजा घालूनच मूठभर बर्फ घ्या (उघड्या हाताच्या उबेनं बर्फ वितळतो आणि अंदाज चुकतो) आणि आवळा:

गोळा होतच नाही, सुटून पडतो: बर्फ कोरडा, शून्याखालचा.
गोळा छान होतो, पण पाणी निघत नाही: ओलसर, शून्याच्या अगदी आसपासचा.
मोजा भिजतो किंवा पाणी टपकतं: ओला.

दुसरी गोष्ट बर्फाचं वय. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात. ती टोकं वॅक्समध्ये रुततात आणि पकड मिळते. दिवसा वितळून रात्री गोठण्याचे दोन-चार फेरे झाले की टोकं झिजतात आणि कण गोल होतात. पहाटे तो बर्फ खडीसाखरेसारखा टणक, दुपारी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. गोल, ओला दाणा कडक वॅक्समध्ये रुतत नाही, नुसता घरंगळतो. भाच्याचं नेमकं हेच होत होतं. जानेवारीत दुकानदारानं दिलेली निळी डबी तो मार्चच्या साबुदाण्यावर फासत होता.

आता निवड

डबीतलं ते हार्ड वॅक्स, मेणाच्या कांडीसारखं. ट्यूबमधलं ते क्लिस्टर, काकवीसारखं. रंगांची भाषा बहुतेक कंपन्यांत एकच आहे, हिरव्याकडून लालकडे जाल तसं वॅक्स मऊ होत जातं. स्वीडनच्या मार्टिन मात्सबोनं ही पद्धत रुळवली आणि 1946 साली स्विक्स ही वॅक्सची कंपनी त्यातून उभी राहिली. हिरवी डबी कडाक्याच्या थंडीची, निळी साधारण उणे 2 च्या खालची, जांभळी शून्याच्या आसपासची, लाल शून्याच्या वरची. कंपनीगणिक एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक असतो, तेव्हा डबीवर छापलेलं वाचा. बऱ्याच डब्यांवर तापमानाच्या दोन जोड्या असतात, एक नव्या बर्फासाठी आणि एक जुन्यासाठी.

बर्फ जुना, दाणेदार आणि ओला असेल तर डोकं खाजवू नका. ट्यूब घ्या. लाल क्लिस्टर किंवा युनिव्हर्सल. एकच विकत घ्यायची असेल तर युनिव्हर्सल, ती शून्याच्या थोडं खाली आणि बरंच वर, दोन्हीकडे निभावते. सगळी चिकचिक सोडली तर क्लिस्टरची पकड अशी असते की चढावर हात टेकावे लागत नाहीत.

पहाटे कडक पापुद्रा आणि दहानंतर भुसभुशीत, असा दिवस असेल तरीही क्लिस्टरच. खाली निळ्या क्लिस्टरचा पातळ थर घातला तर खरबरीत बर्फानं वरचं लवकर खरवडून जात नाही.

बर्फ ताजा आणि ओलसर असेल तर डबी. जांभळीनं सुरुवात करा, पाय सटकला तर लाल. इथे ट्यूब काढलीत तर पस्तावाल. टोकदार ताजे कण मऊ क्लिस्टरमध्ये शिरतात ते बाहेर येतच नाहीत. शंभर मीटरमध्ये स्कीखाली बर्फाचा पाट तयार होतो आणि तुम्ही त्या पाटावर उभे.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे बरोबर शून्य आणि वरून बर्फ पडतोय. सावलीत एक बर्फ, उन्हात दुसरा. जांभळीवर पाय सटकतो, लालवर बर्फ चिकटतो. अशा दिवशी मी तरी वॅक्सच्या नादी लागत नाही, केसाळ पट्टीची स्की भाड्यानं घेतो. यात कमीपणा काही नाही. उबदार बर्फ भल्याभल्यांना रडवतो. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचे पुरुष क्रॉस-कंट्री रिलेत चौथे आले आणि महिला पाचव्या, आणि तिकडे सगळा ठपका स्कीच्या तयारीवर आला. तिथे प्रश्न पकडीपेक्षा घसरण्याचा होता, पण शत्रू तोच.

खाली जुना दाणा आणि वर बोटभर ताजा बर्फ असेल, तर एक जुनी युक्ती आहे. क्लिस्टरचा अगदी पातळ थर लावा, स्की बाहेर ठेवून तो चांगला गार होऊ द्या आणि मग त्यावर जांभळी डबी हलक्या हातानं फिरवा. रेटून घासलंत तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सगळा काला होतो.

लावताना

आधी खुणेमधला तळ पूर्ण कोरडा करा. ओल्या तळावर काहीच धरत नाही. बारीक सँडपेपरनं तेवढाच भाग किंचित खरबरीत केला तर वॅक्स जास्त वेळ टिकतं.

हार्ड वॅक्स खडूसारखं ओढायचं, पातळ. मग कॉर्कनं घासून एकसारखं करायचं, मग पुढचा थर. तीन ते पाच थर. एकच जाड थर देऊन वेळ वाचवणारे वाटेत थांबून तो खरवडताना दिसतात.

क्लिस्टर घरात लावा. गार ट्यूब पिळायला गेलात तर ती मागून फाटते, म्हणून आधी अर्धा तास खिशात ठेवा. तळाच्या मधोमध एक खाच असते, ती मोकळी ठेवून दोन्ही बाजूंना बारीक तिरक्या रेघा काढा. संक्रांतीच्या पोळीवर तुपाची धार सोडता ना, तेवढीच. जास्त नको. मग प्लास्टिकच्या पट्टीनं किंवा सरळ अंगठ्यानं पसरा. पसरत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या. हार्ड वॅक्सपेक्षा क्लिस्टरचा पट्टा पुढच्या बाजूनं पाच-दहा सेंटिमीटर आखूड ठेवा, कारण त्याचा थर जाड बसतो आणि लांब झाला की ओढतो. अंगठ्याला लागलेलं साबणानं जाणार नाही. आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण. फणस कापणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आणि मग थांबा. स्की दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभ्या करून ठेवा, तळ बर्फाला न टेकवता. खोलीतून काढलेली गरम स्की तशीच बर्फावर टाकली की खालचा बर्फ वितळतो, वॅक्सला चिकटतो आणि गोठतो. माझी पहिली अख्खी सहल या एका घाईनं गेली. मी वॅक्सला शिव्या देत होतो आणि वॅक्स बरोबर होतं.

चालून बघा, मग दुरुस्त करा

पहिल्या शंभर पावलांवर निकाल देऊ नका, वॅक्स बसायला थोडं अंतर लागतं. अर्ध्या किलोमीटरनंतरही पाय सटकत असेल तर आधी त्याच वॅक्सचा आणखी एक थर लावा. तरी नाही, तर पट्टा पुढच्या बाजूला थोडा वाढवा. तरी नाही, तर एक पायरी मऊ. हाच क्रम ठेवा, कारण मऊवर गेल्यावर परतीची वाट अवघड आहे. कडकवर मऊ बसतं, मऊवर कडक बसत नाही. गार केलेल्या क्लिस्टरची युक्ती हा त्याला एकच अपवाद. म्हणून शंका असेल तेव्हा कडक बाजूनं सुरुवात करा.

बर्फ चिकटायला लागला तर स्क्रेपरनं वॅक्ससकट खरवडून काढा आणि एक पायरी कडक लावा. नुसता बर्फ झाडून उपयोग नाही. आणि ओल्या ताज्या बर्फात फोटोसाठी उभे राहू नका. थांबलंच तर स्की जागच्या जागी पुढे-मागे हलवत राहा.

एक गोष्ट भाच्याला आवडली नाही, तरी सांगतो. नवशिक्याचा पाय बऱ्याचदा वॅक्समुळे सटकत नाही. तो पाय मागे गेल्यावर रेटतो, तेव्हा कमान दबलेलीच नसते. जोर खाली द्यायचा, पाय शरीराखाली असताना. युनिव्हर्सल क्लिस्टर लावल्यावर त्याचं निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं एका सत्तरीच्या शेजारीणबाईंनी त्याच्या पुढे चालून दाखवल्यावर.

काढताना आणि ठेवताना

सहल संपली की वॅक्स त्याच दिवशी काढा. बाहेर गारठा असेल तर क्लिस्टर कडक असतानाच खरवडा, बरंचसं पापुद्र्यासारखं निघतं. उरलेल्यावर वॅक्स रिमूव्हर टाकून जुन्या फडक्यानं पुसा, खिडकी उघडी ठेवून. रिमूव्हर ज्वलनशील असतो, विमानातून नेता येत नाही, तो तिथेच घ्या. स्वस्तात मिळतं म्हणून फ्लोरिनचं जुनं वॅक्स कुणाकडून उचलू नका. आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांनी ते 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतूनही हद्दपार झालंय.

उरलेल्या डब्या कपाटात राहिल्या तरी चालतात, ट्यूब नाही. ती झाकण वर करून, दोन पिशव्यांत गुंडाळून थंड जागी उभी ठेवा. आमच्याकडे ती आता फ्रिजच्या दारात असते, शेंगा चटणीच्या बरणीशेजारी. पिशवीवर आईनं मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय: ‘काकवी नव्हे’.