कोर्टात साक्ष देताना स्टेनोच्या बोटांकडे बघा

मानसतज्ज्ञ म्हणून दिलेल्या माझ्या पहिल्या साक्षीत मी म्हणाले होते, "मुलीचं मतिमंदत्व सौम्य आहे. रोजचे व्यवहार तिला कळतात, घडलेली गोष्ट ती सांगू शकते. पैशाचा हिशोब आणि तारखा तिला जमत नाहीत." कागदावर उतरलं, "मुलगी मतिमंद असून तिला काही समजत नाही." मी न वाचता सही केली. सकाळी दहापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, साडेतीनला पुकारा झाला, सव्वापाचला सुटले, आणि डोळ्यांसमोर फक्त अमळनेरची गाडी होती. पुढे युक्तिवादात बचाव पक्षाच्या वकिलांनी तेच वाक्य उचललं: जिला काही समजत नाही, तिच्या जबानीवर भरवसा कसा ठेवायचा? कोर्ट कुठलं ते सांगत नाही. सही माझी होती.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्टांतून पहिलं समन्स आलं की नवे मानसतज्ज्ञ मला फोन करतात, "मॅडम, काय बोलायचं?" हे त्यांच्यासाठी.

आपल्या विषयाची बाहेरची पुस्तकं अमेरिकेतल्या ज्युरीसाठी लिहिलेली असतात. ज्युरीकडे तोंड करून बोला, एकेकाच्या नजरेला नजर द्या, शिक्षकासारखं समजावून सांगा. तिथे ते बरोबरच आहे. तुमचं बोलणं ऐकणारी माणसंच थोड्या दिवसांत एका खोलीत बसून निकाल ठरवतात. तुमचा आवाज, तुमचा चेहरा त्यांच्या डोक्यात ताजा असतो. आपल्याकडे १९५९च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला आणि न्यायाधीशांना तो पटला नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही. आता ऐकायला एकटे न्यायाधीश. साक्ष आणि निकाल यांच्यात महिने जातात, कधी वर्षं. मध्ये बदली झाली तर तुम्हाला कधीच न पाहिलेले न्यायाधीश निकाल देतात. अपील झालं तर फाईल संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, आणि तिथे तुमचा चेहरा नाही, आवाज नाही, फक्त टाइप केलेली पानं पोचतात. म्हणून मी ज्युरीचा सल्ला असा फिरवून घेतलाय: उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर स्टेनोची बोटं थांबेपर्यंत गप्प राहायचं. तुमचं उत्तर न्यायाधीश आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात आणि तेच टाइप होतं. बोटं चालू असताना पुढचं वाक्य सुरू केलंत तर ते दोन्हींचं मिळून एक वाक्य सांगतील, आणि ते तुमचं नसेल.

समन्स हातात पडलं की आधी खटल्याचा नंबर बघा आणि पैरवीच्या हवालदाराला, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघणाऱ्याला, फोन करा. नक्की त्याच दिवशी साक्ष होणार का, ते त्यालाच ठाऊक असतं. फाईलमध्ये अहवालाबरोबर चाचणीच्या मूळ उत्तरपत्रिका, मुलाखतीच्या हस्ताक्षरातल्या नोंदी आणि पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. आठवण ताजी करायला नोंदी बघता येतात, पण कोर्टाची परवानगी घेऊन, आणि त्या समोरच्या वकिलालाही दाखवाव्या लागतात. तेव्हा समासात कुणाबद्दल टवाळीचं काही लिहिलं असेल तर ते आजपासून बंद करा. सरतपासाआधी, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षाचे वकील प्रश्न विचारतात त्याआधी, सरकारी वकिलांकडे दहा मिनिटं मागून घ्या. त्या दहा मिनिटांत तुम्ही काय सांगू शकता त्यापेक्षा काय सांगू शकत नाही ते आधी सांगा. "मॅडम, आरोपी सोंग करतोय असं म्हणाल ना?" असं एकदा मला विचारलं गेलं. मी म्हटलं, "साहेब, मी त्याला घटनेनंतर आठ महिन्यांनी भेटले. त्या दिवशी त्याने दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती, एवढंच म्हणेन."

मनोविकृतीच्या बचावात हा वेळेचा मुद्दा फार मोठा असतो. जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२, फक्त एवढंच विचारतं की कृत्य करतानाच्या त्या क्षणी माणसाला आपण काय करतोय हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, कळत होतं का. आजार आहे की नाही हा तुमचा प्रश्न. त्या क्षणी कळत होतं का, हा कोर्टाचा. आजाराचं नाव सांगा, कधीपासूनच्या नोंदी आहेत ते सांगा, घटनेच्या आधी आणि नंतर घरच्यांनी काय पाहिलं ते सांगा. "म्हणून तो जबाबदार नाही" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. ते तुमचं नाही.

शब्दांकडे येते, कारण खरी पडझड इथे होते. आपण अहवालात लिहितो "रुग्णास श्रवणभ्रम होतात". पुढच्या ओळीत "छळाचा भ्रम आढळतो". तुम्हाला फरक कळतो. स्टेनोला दोन्हीकडे "भ्रम" ऐकू येतं. मी आता "भास" म्हणते, म्हणजे नसलेला आवाज ऐकू येणं, आणि दुसऱ्यासाठी "चुकीची पण न हलणारी समजूत". लांब आहे, पण टाइप होताना बिघडत नाही. आणि त्याआधी पेशंटचे स्वतःचे शब्द द्या, त्याच्याच बोलीत. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, "मन्हा डोकामा दोन जन बोलतस." मी न्यायाधीशांना म्हटलं, हे वाक्य अहिराणीतच नोंदवून घ्या, अर्थ मी पुढच्या वाक्यात सांगते. त्यांनी घेतलं. "दोन जन" महत्त्वाचे होते, कारण ते दोघं आपसात त्याच्याबद्दल बोलत होते, आणि आजार ओळखताना त्याला वजन असतं. प्रमाण मराठीत "त्याला आवाज ऐकू येतात" असं गेलं असतं तर ते दोघं पुसलेच गेले असते. आपल्या भागात अहिराणी, लेवा, भिली, पावरी बोलणारी माणसं समोर येतात. तुम्हाला बोली येत नसेल तर मुलाखतीत दुभाषी कोण होता तेही साक्षीत सांगा. नाही सांगितलं तर उलटतपासात ते निघतं, आणि लपवल्यासारखं दिसतं.

आकड्यांचंही तसंच. बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीत आयक्यू ५८ आला, एवढंच सांगितलं तर तो आकडा दगडासारखा बसतो. "याच मुलीची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली असती तर दोन-चार गुण इकडेतिकडे झाले असते, पण सौम्य अक्षमतेचा पट्टा बदलला नसता," हे लगेच जोडा. "मानसिक वय सात" हा शब्दप्रयोग तर जपूनच. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सात वर्षांचं पोर येतं आणि पुढचं सगळं त्यावरच चालतं. २०१७ मध्ये एका ३८ वर्षांच्या महिलेच्या प्रकरणात, जिचं मानसिक वय सहा ते आठ सांगितलं गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोसाठी, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यासाठी, जन्मतारखेचं वयच धरायचं असं ठरवलं. मी आता मानसिक वय विचारल्याशिवाय सांगत नाही. ती काय करू शकते ते सांगते: दुकानातून साखर आणते, सुटे पैसे मोजत नाही.

उपमा द्यावी का? मला फार आवडायच्या. एकदा चाचणीतली चूक समजावताना म्हटलं, रावेरला केळीचा घड दोन काट्यांवर घातला तर थोडा फरक येतो, तसं. वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, काट्याला सरकारी शिक्का असतो. तुमच्या चाचणीला कोणाचा आहे?" न्यायाधीशही हसले. तेव्हापासून उपमा द्यायच्या आधी ती उलटी करून बघते. गंमत म्हणजे तज्ज्ञाने मताबरोबर मत पारखण्याचं साधनही कोर्टाच्या हातात द्यावं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं ते सफरचंदांच्या पिकाचा अंदाज बांधणाऱ्या अधिकाऱ्याच्या साक्षीवरून. माझं मत असं आहे, यावर भागत नाही. कोणती चाचणी, किती वेळ, कोणत्या उत्तरावरून, हे हवंच.

पोक्सोत हमखास येणारा प्रश्न: मुलीने चार महिने का सांगितलं नाही? इथे दोन्हीकडून बंद केलेलं वाक्य लागतं. "उशिरा सांगणं हे खोटेपणाचं लक्षण नाही, तसंच ते घटनेचा पुरावाही नाही, अशी मुलं अनेकदा उशिरा सांगतात." पहिला भागच बोललात तर सरकार पक्षाच्या दिमतीला आल्यासारखे दिसाल.

उलटतपासात "होय की नाही एवढंच सांगा" असं दटावलं तर वकिलाशी वाद घालू नका. न्यायाधीशांना म्हणा, "सर, होय म्हटलं तर अर्धवट होईल, एक वाक्य जोडू का?" मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. "तुम्ही डॉक्टर नाही ना?" याला "नाही, मी औषध देत नाही, चाचण्या आणि मुलाखत घेते," एवढं पुरे. राग आला तर पाणी मागा. शेवटी वकील एकेक सूचना करतात, म्हणजे आपल्या बाजूचं एकेक विधान तुमच्यापुढे ठेवतात, आणि तुमच्या नावावर "हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे" अशी वाक्यं चढतात. ती वकिलाची रीत आहे, मनाला लावून घेऊ नका, पण कान उघडे ठेवा: त्या रांगेत मध्येच एखादी खरी गोष्टही असते, आणि तालात आपण तिलाही "खरे नाही" म्हणून बसतो.

मग प्रिंट हातात येते. चष्मा लावा आणि बसून वाचा. शिपाई तिष्ठत उभा राहील, पुढच्या साक्षीदाराचा पुकारा होईल, वाचत राहा. चूक दिसली तर सहीआधी सांगायचा तुम्हाला हक्क आहे. न्यायाधीश ती दुरुस्त करतात, किंवा तुमची हरकत नोंदवतात. मागच्या महिन्यात तिसऱ्या पानावर "भास" ऐवजी "भ्रम" पडलं होतं. मी बोट ठेवलं, न्यायाधीशांनी दुरुस्त करून घेतलं, स्टेनोताईंनी पान पुन्हा काढलं. पाचची गाडी चुकली, साडेसहाची मिळाली.