अमेरिकेत आणलेली प्यूजो २०५ जीटीआय विकताना

फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने २०५ ही छोटी गाडी अमेरिकेत कधी विकलीच नाही, आणि १९९१ मध्ये तर कंपनीने तिथलं दुकानच आवरलं. त्यामुळे तिथे दिसणारी प्रत्येक २०५ जीटीआय (२०५ ची वेगवान आवृत्ती) कुणीतरी स्वतः आणवलेली असते. गिऱ्हाइकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो आधी कागद बघतो, मग खाली वाकून मागची चाकं बघतो. रंगाची चकाकी त्यानंतर.

कागदांपासून सुरुवात करा. गाडी बनून २५ वर्षं झाल्यावरच ती अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून सुटते. प्रदूषणाच्या नियमांसाठी ही मुदत २१ वर्षांची आहे. म्हणून कस्टम्सचा ७५०१ फॉर्म, सुरक्षा नियमांचा एचएस-७ आणि प्रदूषण नियमांचा ३५२०-१ हे तिन्ही एका फायलीत हवेत. मूळ देशातलं नोंदणीपत्र असेल तर तेही, शक्यतो भाषांतरासकट. बंदरात उतरल्याची तारीख आणि गाडी बनल्याची तारीख शेजारीशेजारी मांडा. १९८८ ची गाडी २०१० मध्ये आणलेली असेल तर हिशेब २२ वर्षांवरच थांबतो, आणि अशी गाडी आज जप्तीच्या कारवाईतही सापडू शकते. गिऱ्हाइकाने हे शोधून काढण्यापूर्वी तुम्ही शोधा.

टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या सरकारी कागदावरचा) चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. १७ अक्षरी नंबर व्हीएफ३ ने सुरू होतो. तो बॉनेटखाली आहे, अमेरिकन सवयीप्रमाणे काचेतून डॅशबोर्डवर शोधत बसू नका. दुसरी नेहमीची चूक रीडिंगची. मीटर किलोमीटरचा, पण नोंदणीच्या खिडकीवर तोच आकडा मैल म्हणून चढतो. १,२८,००० किलोमीटर म्हणजे साधारण ७९,५०० मैल. टायटलवर १,२८,००० मैल छापलं गेलं असेल तर जाहिरात टाकण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. कॅलिफोर्नियाचं गिऱ्हाईक आलं तर आधीच सांगा की १९७६ नंतरच्या परदेशी गाडीची तिथे नोंदणी करणं फार अवघड आणि खर्चिक असतं. टोकन घेऊन परत करण्यापेक्षा हे बरं.

आता मागचा एक्सल, या गाडीची खरी दुखरी जागा. मागची चाकं धरणाऱ्या आर्म आडव्या नळीत निडल बेअरिंगवर (सुईसारख्या बारीक रोलरवर) फिरतात. सील कडक झालं की पाणी आत जातं, बेअरिंग गंजतं आणि शाफ्टच खाऊन टाकतं. मग चाकाचा वरचा भाग आत झुकतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवरून सरळ मागून बघा: दोन्ही चाकं फेंगडी दिसली, किंवा डिकी दाबल्यावर करकर आवाज आला, तर काम आहे. मग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. वेळेत सापडलं तर बेअरिंग, शाफ्ट आणि सीलवर भागतं. नळी आतून झिजली असेल तर दुरुस्त केलेला अख्खा एक्सल युरोपातून मागवावा लागतो, आणि त्याचं वजन बघता भाडं काही थोडं नसतं. काम करून घेतलेलं असेल तर बिल दाखवा. नसेल तर तसं लिहून किंमत कमी करा. झाकून उपयोग नाही, मागून काढलेल्या एका फोटोत सगळं दिसतं.

इंजिन डी६बी आहे की डीकेझेड, हे स्पष्ट लिहा. पहिलं १.९ लिटरचं १३० अश्वशक्तीचं, दुसरं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवालं १२२ चं. १.६ च्या गाडीत १.९ चं इंजिन बसवून मागच्या खांबावर १.९ चा बिल्ला चिकटवलेल्या गाड्या खूप आहेत. चासी, इंजिन आणि मागचे ब्रेक एकमेकांशी जुळायला हवेत: १.९ ला मागे डिस्क, १.६ ला ड्रम.

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका. जाणकार माणूस आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो. गार इंजिन सुरू होतानाचा अखंड व्हिडिओ द्या. आरपीएम वर-खाली होत असेल तर एअरफ्लो मीटरपासून (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रापासून) थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप चिरलाय का बघा. वीस मिनिटांचं काम, पण त्याच्यावाचून गाडी आजारी वाटते. तेलाच्या झाकणाला पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, फक्त छोट्या फेऱ्या मारल्या तरी ती जमते. तीसेक किलोमीटर चालवून पुसून पुन्हा बघा. ती परत आली तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलची) रसायनाने तपासणी करून घ्या.

रंगाच्या बाबतीत हात आवरा. मूळ रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. जोरात कंपाउंड मारलं की तोच पातळ होतो. प्रत्येक पत्र्यावर मायक्रॉन मीटर धरून आकडे लिहा आणि फोटो द्या. ५०० च्या वर गेलं तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे, हे गिऱ्हाईकही ओळखतो. रंग उडालेला लाल गालिचा बदलू नका. जुना रेडिओ, मूळ स्टिअरिंग काढून ठेवलं असेल तर खोक्यात भरून गाडीबरोबर द्या. टायर मात्र नवे हवेत: १.९ ला १८५/५५ आर१५ लागतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

पैसे वायरने (थेट बँकेतून बँकेत) घ्या, किंवा गिऱ्हाइकाच्याच बँकेत जाऊन काउंटरवर. बनावट कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेल्या चेकची नक्कल) खात्यात आधी जमा दिसतो आणि काही दिवसांनी उलटतो. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन उरलेले परत मागणारा भेटला की बोलणं तिथेच थांबवा. पैसे पक्के झाल्यावरच टायटलवर सही, मग विक्रीपत्राच्या दोन प्रती. नंबर प्लेट विक्रेत्याने काढून घ्यायची की गाडीवरच ठेवायची, हे राज्यागणिक बदलतं. विक्रीची सूचना मात्र राज्याच्या वाहन खात्याला त्याच दिवशी द्या.

किल्ली देण्यापूर्वी रिव्हर्स शिकवा. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या दांड्यावरचं कडं उचलून डावीकडे पुढे, नंतरच्यात उजवीकडे मागे. नाही सांगितलं तर नवा मालक तुमच्या दारातच गिअर कचाकचा वाजवत बसेल.